कॅम्पर व्हॅन भरकटते, तेव्हा आधी काय तपासावं

“साठपर्यंत ठीक चालते, पण सत्तरच्या पुढे गेली की एका रेषेत राहत नाही. सारखं स्टेअरिंग सांभाळावं लागतं.” जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधून हिंडणाऱ्यांकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. गाडी गॅरेजला नेली की बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेला असतो. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू थोडा आवळायचा, अलाइनमेंट करायची आणि गाडी परत द्यायची. काही दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. माझं स्पष्ट मत आहे की तो स्क्रू सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा असतो. आणि कॅम्परची तपासणी करायची तर ती रिकामी करून नव्हे, प्रवासाला निघतो तशी भरून करायची. पाणी, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, अंथरुणं, सगळं आत असताना.

या गाडीची घडण थोडी समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. ट्रॅव्हलर १९८७ साली पुण्याच्या बजाज टेम्पोने आणली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. मूळ आराखडा मर्सिडीज-बेन्झच्या टी-१ या जर्मन व्हॅनचा. समोर एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग अ‍ॅक्सल, त्याला पाट्यांचा आधार, दोन्ही टोकांना किंगपिन आणि चाकं वळवायला स्टेअरिंग बॉक्स. ही रचना दणकट आहे, तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही ती दुरुस्त करू शकतो. पण तुमच्या हातापासून रस्त्यापर्यंत यात सांधे पुष्कळ: स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंकची दोन टोकं, टायरॉडची दोन टोकं, किंगपिनचे वरचे-खालचे बुश, व्हील बेअरिंग. प्रत्येकात केसभर झीज झाली तरी तिची बेरीज होऊन हातात तीन बोटांचा प्ले येतो. म्हणून “एकच दोषी पार्ट सापडेल” या अपेक्षेने शोधायला बसलात तर निराशा होईल. (तुमच्या गाडीला समोर स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर खालचा किंगपिन आणि सलग अ‍ॅक्सलचा भाग सोडून द्या, त्या जागी तुमच्याकडे बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश येतात. बाकीचं जवळपास तसंच लागू आहे.)

पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकं काय करते ते नीट ओळखा. सपाट, वारा नसलेल्या रस्त्यावर ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत असेल तर ते भरकटणं. त्यामागे प्ले, टायर किंवा चाकांचे कोन असतात. सतत एकाच बाजूला जात असेल तर ते ओढणं, आणि तिथे हवेतला फरक, एखादा चिकटणारा ब्रेक किंवा जागचा हललेला अ‍ॅक्सल शोधायचा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे किंचित कल हा दोष धरू नका. ट्रक ओलांडून गेला किंवा बाजूने वारा आला की गाडी डुलत असेल तर कारण बहुधा मागच्या सस्पेन्शनमध्ये आणि वजनाच्या मांडणीत असतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या वाऱ्यात उंच गाडी थोडी हलणारच. प्रश्न हा की हलल्यावर ती एका झोक्यात स्थिर होते की तीन-चार झोके घेते. आणि खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग हातात थडथड उडत असेल तर तो वॉबल. तिथे किंगपिन, बेअरिंग आणि टायरचं बॅलन्सिंग आधी पाहायचं.

आता वजन. कॅम्परच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. गाडी भरून वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही आकडे लिहून घ्या आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. खर्च किरकोळ आहे, आणि ही माहिती दुसरा कोणीही तुम्हाला देऊ शकत नाही.

शेपटाकडचं वजन पुढच्या चाकांचं काय करतं ते आकड्यातच बघा. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवली. ती भरली की शंभर किलो. या शंभर किलोंमुळे मागच्या चाकांवर सुमारे १३० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून तब्बल ३० किलो उचलले जातात. त्यात मागे सायकलींचा कॅरियर, स्टेपनी, भांड्यांचं कपाट आलं की पुढची चाकं रस्त्यावर जेमतेम टेकल्यासारखी होतात. अशा गाडीचं स्टेअरिंग कितीही घट्ट केलं तरी नाक वाऱ्यावर जाणारच. टाकी अर्धी असेल तर आणखी त्रास, कारण तिच्यातलं पन्नास किलो पाणी प्रत्येक वळणावर इकडून तिकडे धावतं. आत आडव्या जाळ्या नसलेली टाकी एक तर पूर्ण भरून न्यावी नाहीतर रिकामी. शक्य असेल तर टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधोमध, जितक्या खाली बसतील तितक्या बसवाव्यात.

यावर लोक सर्रास जो इलाज करतात, तो दुखणं वाढवणाराही ठरू शकतो. मागे गाडी बसली म्हणून जादा पाटा चढवतात. पाटा चढवला की शेपूट उचललं जातं, कधी मूळ उंचीपेक्षाही वर. मग चेसिस पुढे झुकते आणि किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ येतात ती त्याच्या जोरावर. ३३५० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर मागची बाजू सहा सेंटिमीटर वर गेली तर कॅस्टर साधारण एक अंशाने घटतो. ऐकायला एक अंश थोडा वाटतो, पण मुळात कॅस्टर असतो काही मोजक्या अंशांचा. मोकळ्या मैदानात वीस-पंचवीसच्या वेगाने वळण घ्या आणि स्टेअरिंग हातातून हलकेच सरकू द्या. ते बरंचसं मागे यायला हवं. वळलेलंच राहत असेल तर कॅस्टर कमी झालाय किंवा कुठेतरी सांधा चिकटतोय. कॅस्टर खरोखर कमी असल्याचं मशिनवर मोजून खात्री झाली, तर समोरच्या पाट्याखाली पाचरीसारखी तिरकी प्लेट घालून तो सुधारता येतो. न मोजता मात्र ती घालू नये.

टायरचं थोडक्यात सांगतो, पण ते गौण म्हणून नाही. कॅम्परचे टायर झिजून नव्हे, बहुधा उभ्या-उभ्या म्हातारे होऊन जातात. गाडी महिनोन्‌महिने उभी असते, नक्षी कोरी दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर कितीही सुंदर दिसला तरी लांबच्या प्रवासाला मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा, आणि ती काट्यावर आलेल्या वजनाप्रमाणे ठेवा. पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजाने नको. कारचे मऊ भिंतीचे टायर स्वस्तात मिळाले म्हणून बसवले असतील तर ते काढून मालवाहू वर्गाचे बसवा, भरकटण्यातला बराच भाग तिथेच संपतो. नायलॉन टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्या धरून चालतात, रेडियल तितके नाही. पण एकाच अ‍ॅक्सलवर दोन्ही प्रकार मिसळू नका, आणि पुढे रेडियल व मागे नायलॉन अशी जोडी तर कधीच लावू नका. वळणावर मागची बाजू घसरते. हवा आणि टायर ठीक केल्यावर एकदा चालवून बघा. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात.

इथवर करूनही गाडी हलतच असेल तर खाली शिरायची वेळ झाली. पुढच्या तपासणीत गाडी चाकांवरच उभी हवी, जॅकवर नको. चाकं हवेत असली की सांध्यांवरचा दाब जातो आणि खरा प्ले लपतो. गाडी पिटावर घ्या किंवा सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. एक माणूस स्टेअरिंगवर. त्याने स्टेअरिंग डावी-उजवीकडे फक्त इतकंच हलवायचं की चाकं वळायला लागण्याआधी थांबेल. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. दुसरा माणूस खाली, टॉर्च घेऊन.

खालच्या माणसाने वरून खाली क्रमाने जायचं. कॉलम फिरतोय पण बॉक्समध्ये जाणारा दांडा उशिरा फिरतोय का? मग कॉलमचा जॉइंट गेलेला. दांडा फिरतोय पण ड्रॉप आर्म हलत नाही का? मग प्ले बॉक्सच्या आत. बॉक्स स्वतःच चेसिसवर सरकतोय का? त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा चेसिसच्या त्या जागेला चीर गेली आहे. हे नुसतं बघून समजत नाही, बॉक्स आणि चेसिसच्या मधल्या फटीवर बोट ठेवलं की लगेच कळतं. ड्रॅगलिंक आणि टायरॉडच्या प्रत्येक बॉल जॉइंटवर तसाच हात ठेवायचा, अर्धी बोटं सॉकेटवर आणि अर्धी आर्मवर. चांगला जॉइंट एकजीव हलतो. गेलेल्या जॉइंटमध्ये दोन भागांत क्षणभराचं अंतर पडतं आणि बोटाला बारीक टक्‌ लागते. डोळ्यांना दिसत नाही ते तिथे बोटांना सापडतं. वरच्या रबरी टोपीला चीर गेली असेल, आतलं ग्रीस लालसर आणि कणीदार झालं असेल, तर पाणी शिरलं आहे असं समजा. कोकणात पावसाळा काढलेल्या गाडीत हे हमखास पाहा.

एक सूचना. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीला ग्रीस मारून घेऊ नका. ताज्या ग्रीसने झिजलेला सांधाही तात्पुरता घट्ट वाटतो. ग्रीस तपासून झाल्यावर मारा.

प्ले किती असला की काळजी करायची? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले असू नये असं सांगतो. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, हेही तिथेच आहे. पण ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास साडेदहा सेंटिमीटर! इतक्या प्लेची गाडी नियमात बसत असेल, हायवेवर माझ्या हाती ती नको. स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावून मोजा. तीन-चार सेंटिमीटरच्या वर गेला की कारण शोधायलाच हवं.

आता जॅक. पुढचा अ‍ॅक्सल उचलून त्याखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी दोन मिनिटांसाठीही, शिरायचं नाही. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, जोराने हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर तो व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. बेअरिंग आवळून किंवा बदलून भागतं. किंगपिन बदलायचा तर बुश रीमरने मापात करून घ्यावे लागतात, म्हणून ते काम हात बसलेल्या माणसाकडेच द्या.

किंगपिनबद्दल आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. सैल किंगपिनइतकाच घट्ट, कोरडा किंगपिनही गाडी भरकटवतो. ग्रीस न पोहोचल्याने तो चिकटतो. थोडं वळवलं की चाक तिथेच अडून राहतं आणि तुम्ही उलट वळवलं की दुसऱ्या बाजूला अडतं. चालवणाऱ्याला वाटतं स्टेअरिंग सैल आहे, प्रत्यक्षात ते जड झालेलं असतं. पुढची चाकं हवेत असताना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. सगळीकडे सारखं हलकं लागायला हवं. कुठे जड लागलं तर ड्रॅगलिंक सोडवून बॉक्स वेगळा आणि चाकं वेगळी फिरवा, अडकतंय कुठे ते कळेल. पुष्कळदा ग्रीसचं निपल बुजलेलं असतं. चाकांवरचा भार उतरलेला असतानाच ग्रीस भरा आणि ते वर-खाली दोन्हीकडून बाहेर येईपर्यंत थांबू नका.

मागच्या अ‍ॅक्सलकडे कोणी बघतच नाही, आणि कॅम्परमध्ये निम्मं दुखणं तिथे असतं. लक्षण असं: स्टेअरिंग वळवल्यावर नाक लगेच वळतं, पण शेपूट किंचित उशिरा येतं, जणू गाडीच्या मधोमध बिजागरी आहे. यू बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो आणि मागची चाकंच गाडी वळवायला लागतात. पाटा आणि अ‍ॅक्सल जिथे भेटतात तिथे टॉर्चचा झोत टाका. सैल जागी धातू घासून चकचकीत झालेला असतो किंवा भोवती तांबूस, कोरडी भुकटी साचलेली असते. बाकी सगळं मळलेलं आणि तेवढीच जागा स्वच्छ, असं दिसलं की समजा इथे हालचाल आहे. शॅकलच्या बुशांना पहारीने उचलून बघा. रबर फाटलं असेल तर पिन बुशात मोकळी हलताना दिसेल. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गाडी दाबून तपासायला जाऊ नका, पाट्यांच्या जड गाडीत तो प्रयोग काही सांगत नाही. एक टोक सोडवून हाताने ओढा-दाबा. दोन्हीकडे सलग, संथ विरोध लागायला हवा. मधेच पोकळ लागला किंवा अंगावर तेल ओघळलं असेल तर जोडीने बदला.

अ‍ॅक्सल काटकोनात आहे का, हे घरच्या टेपनेही कळतं. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. पाच-सात मिलिमीटरच्या वर फरक आला तर कुठला तरी अ‍ॅक्सल सरकला आहे. पावसाळ्यात त्याहून सोपी युक्ती आहे. डबक्यातून सरळ कोरड्या रस्त्यावर या, उतरून ओले ठसे बघा. डावीकडचे दोन ठसे जसे बसलेत तसेच उजवीकडचे बसायला हवेत. मागची जोडी दोन्हीकडे एकाच दिशेला सरकलेली दिसली तर गाडी तिरकी धावते आहे.

एवढं सगळं ठीक निघालं आणि हलवून पाहताना प्ले खरोखर बॉक्सच्या आतच दिसला, तर आता तो स्क्रू. पण चाकं नेमकी सरळ असताना आणि ड्रॅगलिंक सोडवून. बॉक्स असा घडवलेला असतो की तो मध्यावर सगळ्यात घट्ट आणि दोन्ही टोकांना जरा सैल असतो. स्टेअरिंग वळलेलं असताना स्क्रू आवळला तर सरळ चालताना बॉक्स जाम होतो, गियर खातो आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते. थोडा-थोडा आवळा, दर वेळी मध्यावरून इकडे-तिकडे फिरवून बघा. अडखळल्याची जाणीव झाली की तिथून मागे या. बॉक्समधलं तेल किती आहे तेही याच वेळी पाहा. आवळूनही प्ले जात नसेल तर आतला भाग झिजलाय, बॉक्स उघडून दुरुस्त करावा लागेल.

अलाइनमेंट शेवटी, आणि भरलेल्या गाडीवर. सलग अ‍ॅक्सलला सहसा फक्त टो, म्हणजे पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, सेट करता येतं. मशिनवर नेईपर्यंत तो घरीही ताडता येतो. पुढची चाकं उचलून फिरवा आणि फिरत्या टायरच्या नक्षीवर खिळ्याने एक बारीक रेघ मारा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला म्हणजे सांधे बसतील. मग चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन रेघांमधलं अंतर चाकांच्या पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडंसं कमी हवं, किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं. पुढचं जास्त असेल, म्हणजे चाकं बाहेर फाकलेली असतील, तर गाडी सरळ राहणारच नाही. टायरवर तळवा आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो चुकलेला आहे याची टायरनेच साक्ष दिली.

यू बोल्ट, बॉक्सचे बोल्ट आणि नवे जॉइंट बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. नवे भाग आपल्या जागी बसताना थोडे सैल पडतात.

आणि एक कळकळीची विनंती. तपासताना स्प्लिट पिन नसलेला बॉल जॉइंटचा नट, ड्रॉप आर्म दांड्यावर हलणारा, बॉक्सच्या जागी चेसिसला चीर किंवा तुटलेला सेंटर बोल्ट, यांतलं एकही सापडलं तर “गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो” असं म्हणू नका. ती गाडी स्टार्ट करू नका. मेस्त्रीला तिथे बोलवा किंवा टो करून न्या. त्या गाडीत मागे तुमची माणसं बसलेली असतात.